खेंग-ईच्या नावची चौदा गाणी

मलेशियातल्या बुकिट मर्ताजामच्या जुन्या बाजारात कुणाचं माणूस गेलं, की पहिला फोन लेकीसुनांना जातो, दुसरा देवळात आणि तिसरा खेंग-ईला. ई म्हणजे मावशी. तिओ स्वी खेंग हे तिचं पूर्ण नाव फक्त विजेच्या बिलावर उरलंय. एकतीस वर्षं तिचं कागदाचं दुकान आहे. गेलेल्या माणसाला तिकडे लागेल ते सगळं बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि साबुदाण्याच्या पिठाची खळ यांतून उभं करायचं, आणि देवळामागच्या मोकळ्या जागेत नेऊन पेटवून द्यायचं. पेटलं की पोचलं. दुमजली बंगला, मोटार, चपलांचे जोड, पंखे, नोकरचाकर, काय म्हणाल ते.

आणि माणसं काहीही म्हणत. एका विधवेनं नवऱ्यासाठी दवाखाना मागितला, नर्ससकट. "नर्स कशी हवी?" खेंगनं विचारलं. "म्हातारी. चष्मा लावलेली. अन् जरा खेकसणारी." खेंगनं नर्सच्या तोंडावर अशा काही आठ्या काढल्या, की बाई समाधानानं तिची पाठ थोपटून गेली. दुरियान म्हणजे उग्र वासाचं काटेरी फळ; एका दुरियानवेड्या म्हाताऱ्यासाठी तिनं टोपलीभर कागदी दुरियान केले, एकेक काटा कातरून. तिकडच्या हॉटेलात कुणी वास येतो म्हणून अडवणार नाही, एवढंच म्हाताऱ्याच्या सुनेला हवं होतं.

पण खेंगचा खरा दरारा होता तो चिठ्ठ्यांचा. प्रत्येक वस्तूवर पिवळी चिठ्ठी हवी म्हणजे हवी. कुणासाठी, जन्म कधीचा, मरण कधीचं, पाठवणारं कोण. चिठ्ठी नसली तर वाटेतली बेवारशी भुतं माल पळवतात, हे आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. खेंग चिठ्ठ्या स्वतः लिहायची, ब्रशनं, आणि लिहिताना कुणी बोललं तर त्याच्याकडे अशी बघायची की तो दारापर्यंत मागे सरे. "माझ्या दुकानचा माल आजवर वाटेत गहाळ झालेला नाही," ती सांगायची. तिकडून कुणी तक्रार घेऊन येणं शक्य नव्हतं ही गोष्ट वेगळी, पण ती बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

तिचा नवरा ओंग तेक सेंग. चाळीस वर्षं त्यानं लॉरी चालवली आणि चाळीस वर्षं तो गायला. लॉरी कधी घसरली नाही, सूर मात्र रोज घसरायचा. निवृत्त झाल्यावर लेकीनं, हुई मिननं, त्याला एक टॅबलेट घेऊन दिला आणि त्यात कराओकेचं अ‍ॅप घालून दिलं. झालं! माणूस वाहवत गेला. मागून संगीत वाजतंय, ओळी डोळ्यांपुढून सरकताहेत, आपण माइक धरून गायचं, आणि वर गाणी विकतही घेता येतात. दोन वर्षांत त्यानं आठशे बारा गाणी घेतली. संध्याकाळी त्याचा जुना जोडीदार बून क्यात यायचा, आणि दोघे गळ्याच्या शिरा ताणून गायचे. मधेच तेक सेंग दुकानाच्या दाराशी येऊन म्हणायचा, "खेंग, हे बाईमाणसाचं आहे बघ. ये ना, चार ओळी म्हण."

"हात खळीत आहेत," खेंग म्हणायची.

हात खळीत असायचेच. पण खरं कारण ते नव्हतं. चिकटवताना ती गुणगुणायची, आणि बऱ्यापैकी गुणगुणायची, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की तिच्या तोंडून आवाजच निघायचा नाही. आठ दिवस झाले की तो पुन्हा विचारायचा, आणि ती पुन्हा तेच सांगायची.

तो गेला जेवणानंतर, खुर्चीत बसल्या बसल्या, पेरूची फोड हातात धरून. खेंगनं रडून घेतलं आणि ती कामाला लागली. शंभराव्या दिवसासाठी तिनं जे बनवलं, ते बघायला पार इपोह शहरातून माणसं आली. दहा चाकांची लॉरी, आरशांसकट. तीन मजली बंगला. आणि गाण्याचं सगळं सामान: दोन स्पीकर, माइक, टॅबलेट. सगळं रचून झालं, काडी ओढायची एवढंच राहिलं, आणि खेंगच्या मनात आलं, टॅबलेट पोचेल, पण ह्या माणसाला पासवर्ड कुठे आठवणार? जिवंतपणी त्याला स्वतःचा वाढदिवस आठवत नसे. त्याची एक निळी वही होती, तीत असले सगळे आकडे लिहिलेले. खेंगनं ती खरीखुरी वही आणली, तिला चिठ्ठी चिकटवली, "ओंग तेक सेंग, फक्त त्यालाच, बायकोकडून", आणि कागदी बंगल्याच्या वरच्या मजल्यावर ठेवून दिली. जमलेल्यांनी माना डोलावल्या. "ह्याला म्हणतात डोकं," बून क्यात म्हणाला. आणि मग सगळं धडाडून पेटलं.

पुढचे कित्येक महिने खरा टॅबलेट कपाटात पडून होता.

वर्षश्राद्धाचं जेवण चाललं होतं. उकडलेली कोंबडी, शेवया, आंग कूच्या लाल गोड वड्या, सगळं आधी तेक सेंगच्या तसबिरीपुढून फिरून ताटात आलेलं. बून क्यात खेंगला आ-सो म्हणायचा, थोरल्या भावाच्या बायकोला म्हणतात तसं. कोंबडीची तंगडी चोखता चोखता तो म्हणाला, "मग आ-सो, कसं वाटतं त्याच्याबरोबर गायला?"

"कुणाबरोबर?"

"तेक सेंगबरोबर. ती अर्धी गाणी नाहीत का!"

खेंगनं लेकीकडे बघितलं. लेकीनं खांदे उडवले. बून क्यातनं तंगडी खाली ठेवली.

"म्हणजे तुला माहीतच नाही? अगं, त्या अ‍ॅपमध्ये सोय आहे. दोघांचं गाणं असलं तर एकानं आपल्या ओळी गाऊन ठेवायच्या, दुसऱ्याच्या रिकाम्या सोडायच्या. दुसरा मग सवडीनं आपल्या भरतो. त्यानं चौदा गाणी तशी ठेवलीयत. पुरुषाच्या ओळी गायला, बाईच्या कोऱ्या. वर तुझं नाव घालून. मला वाटलं तू रोज गातेस आणि लाजून सांगत नाहीस."

खेंग म्हणाली, "मी हात खळीत आहेत म्हणायचे," आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ताटातल्या शेवयांत पडलं तरी तिनं पुसलं नाही. ती चौदा गाणी तिला हवी होती. जगात दुसरं काही नको होतं.

हुई मिननं टॅबलेट आणून चार्जिंगला लावला. जीव आल्याबरोबर त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, खातं वर्षभर वापरलेलं नाही, सोळा दिवसांत उघडलं नाही तर बंद होईल आणि आतलं सगळं पुसलं जाईल. दुसरी म्हणजे, उघडण्यासाठी सहा आकडे टाका, पाचदा चुकलात तर कुलूप.

"आकडे कुठेत?" हुई मिननं विचारलं, आणि विचारता विचारताच तिचा हात कपाळावर गेला.

"पाठवले," खेंग म्हणाली.

"वही जाळलीस, मा."

"जाळली काय! पाठवली. चिठ्ठी मी स्वतः लिहिलीय. त्याच्याशिवाय कुणाच्या हाती पडणार नाही."

तेच तर दुखणं होतं. वही नको इतकी नीट पोचली होती. त्यांनी तेक सेंगचा वाढदिवस टाकून पाहिला. चूक. लॉरीचा नंबर टाकला. चूक. तीन संधी उरल्या.

बून क्यातनं हात पुसले. "एवढं काय त्यात? ज्याच्याकडे वही आहे त्यालाच विचारू."

आमच्याकडे गेलेल्याला विचारायची सोपी रीत आहे. दोन नाणी घ्यायची, प्रत्येकाची एक बाजू लाल रंगवलेली. तसबिरीपुढे प्रश्न विचारून टाकायची. एक लाल, एक कोरी पडली तर हो. दोन्ही लाल तर नाही. दोन्ही कोऱ्या पडल्या तर तो हसतोय. जेवण झालं का, अजून वाढू का, एवढंच सहसा विचारतात. सहा आकडी नंबर कुणी विचारला असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेंगनं दुकान अर्धं बंद केलं, तसबिरीपुढे काळी कॉफी आणि तळलेल्या शेवया ठेवल्या, उदबत्त्या लावल्या आणि ती गुडघ्यांवर बसली. हुई मिन वही-पेन घेऊन बसली.

"पहिला आकडा शून्य का?" नाणी खणखणली. एक लाल, एक कोरी.

"हो म्हणाला!" बून क्यात ओरडला.

"दुसरा शून्य?" नाही. "एक?" दोन्ही कोऱ्या.

"हसतोय," बून क्यात म्हणाला.

"एकमध्ये हसायचं काय आहे?"

"आ-सो, एकदा आम्ही ताइपिंगला एक नंबरच्या खोलीत..."

"ते नकोय मला. दोन?" हो.

हुई मिन शाळेत गणित शिकवते. तिला राहवेना. "मा, दोन नाणी टाकली की निम्म्या वेळा हो येणारच. शून्यापासून विचारत गेलीस तर सगळे आकडे शून्य, एक, दोन असेच निघणार."

"तुझ्या बापाला गणित शिकवू नकोस," खेंग म्हणाली.

आकडा निघाला शून्य, दोन, एक, शून्य, शून्य, एक. टाकला. चूक. मग लेकीच्या समाधानासाठी त्यांनी नऊपासून खाली विचारत जायचं ठरवलं, तर निघालं नऊ, आठ, नऊ, नऊ, सात, नऊ. तेही चूक. लेक नुसती छताकडे बघत राहिली.

खेंगचा संयम संपला. तिनं नाणी मुठीत घट्ट धरली. "तू बनवतोयस का मला?" दोन्ही कोऱ्या. हसत होता. "दात काढू नकोस! आकडा विसरलास का?" एक लाल, एक कोरी. हो.

"विसरला!" बून क्यातनं मांडीवर थाप मारली.

"अरे, मग वहीत बघ ना! वही आहे ना तुझ्याजवळ?" दोन्ही लाल. नाही.

खेंगच्या तोंडावरचा रंगच उडाला. एकतीस वर्षांची अब्रू होती. "वाटेत कुणी पळवली?" तिनं हळूच विचारलं. नाही. "म्हणजे तुला मिळाली होती?" हो. "मग कुठाय?" ह्याला नाणी काय बोलणार! तिनं प्रश्न बदलला. "तू हरवलीस?"

हो.

महत्त्वाची गोष्ट तीनदा विचारायची असते. तिनं तीनदा विचारली. हो, हो आणि हो.

"हरवली!" खेंग किंचाळली. "चष्मा हरवला, तीन छत्र्या हरवल्या, लॉरीची किल्ली हरवली ती भाताच्या भांड्यात सापडली, आणि आता मेल्यावर, मी वरच्या मजल्यावर ठेवलेली, चिठ्ठी लावलेली वही..." पुढचं तिला बोलता येईना, कारण तिला हसू फुटलं. जमिनीवर फतकल मारून, पोट धरून, उदबत्त्यांच्या राखेत हात टेकून ती हसली. वर्षभरात ती हसली नव्हती. हुई मिनला हसू आवरेना, नाणी गडगडत टेबलाखाली गेली, आणि ह्या गोंधळात बून क्यातनं टॅबलेट उचलून शांतपणे सहा आकडे दाबले.

"काय केलंस?" हुई मिननं विचारलं.

"माझा वाढदिवस टाकून बघितला. जिवलग मित्र आहे मी त्याचा."

नव्हता तो आकडा. कुलूप पडलं.

आता उरला कंपनीचा फोन. हुई मिननं नियम वाचून काढले आणि ती गंभीर झाली. गाणी विकत मिळतात असं आपण समजतो, पण तसं नसतं म्हणे. मिळते ती वाजवायची परवानगी, आणि ती माणसाबरोबर संपते. मुलाबाळांना मिळत नाही, बायकोला मिळत नाही. "मेलाय म्हणून सांगितलं तर खातं बंद करतील, मा. आतल्या सगळ्यासकट."

"मग सांगायचं नाही," बून क्यात म्हणाला.

"खातेदारालाच बोलावं लागतं फोनवर."

दोघी बून क्यातकडे बघायला लागल्या. वय तेच, आवाज तसाच फाटका. बून क्यातनं दोन्ही हात वर केले. "छे छे छे! मी तेक सेंग आहे असं तोंडानं म्हणू? आणि कुणी ऐकलं वरून? मलाच घेऊन गेले तर?"

"त्यालाच विचारू," खेंग म्हणाली, आणि नाणी पुन्हा निघाली. बून क्यातनं पंधरा मिनिटं तुझं सोंग घेतलं तर चालेल का? हसला. पुन्हा हसला. तिसऱ्यांदा हो म्हणाला. तरी बून क्यात फोनजवळ यायला तयार होईना. मग खेंगनं तिच्या पद्धतीनं तोड काढली. ब्रश घेतला, पिवळ्या कागदावर लिहिलं, "तान बून क्यात. जिवंत. फक्त पंधरा मिनिटांसाठी उसना", आणि ती चिठ्ठी त्याच्या छातीवर खळीनं चिकटवली. तेव्हा कुठे गडी खुर्चीत बसला.

फोन लागला. पलीकडे अझलिना नावाची मुलगी होती, गोड आवाजाची.

"मी ओंग तेक सेंग," बून क्यात खर्जात म्हणाला.

जन्मतारीख बरोबर सांगितली. ओळखपत्राचा नंबर खेंगनं पुढे धरला, तोही वाचला. शेवटचं घेतलेलं गाणं त्याला पाठच होतं. अंगात अवसान आलं तसा तो खुलला. "आवाज दमलेला वाटतो, अंकल. तब्येत बरी आहे ना?" मुलगी म्हणाली.

"एकदम ठणठणीत! रोज सकाळी चालतो. परवा तर बायकोबरोबर कोंबडी खाल्ली. छान चाललंय आमचं दोघांचं!"

खेंग समोर उभी होती. तेक सेंग ठणठणीत आहे, रोज चालतो, हे ऐकायला तिला इतकं गोड वाटलं की क्षणभर तिनं डोळेच मिटून घेतले. आणि मग तिला राग आला, बून क्यातचा नाही, स्वतःचा. ज्या हातानं तिनं लॉरीवर, बंगल्यावर, स्पीकरवर त्याच्या मरणाची तारीख लिहिली, सुबक अक्षरात, एकही डाग न पाडता, तो हात काय खोटं लिहीत होता? तिनं फोन ओढून घेतला.

"बाई, तो वारलाय. वर्ष झालं. मी त्याची बायको."

पलीकडून प्रश्न आला, "पण आंटी, आत्ता बोलत होते ते कोण?"

"तो उसना आणलाय."

बून क्यातनं तोंड झाकून घेतलं. पण अझलिना चिडली नाही. ती हसू दाबतेय हे इकडे कळत होतं. तिनं सगळा नियम पुन्हा सांगितला. वाईट वाटतं, पण परवानगी ज्याची त्याच्यापुरती असते, दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

"हे बघ पोरी," खेंग म्हणाली, "एकतीस वर्षं मी जिवंतांकडचं मेलेल्यांकडे पाठवते. बंगले पाठवले, लॉऱ्या पाठवल्या, खेकसणाऱ्या नर्सा पाठवल्या. नावावर करून पाठवले. कुणाची काही अडचण आली नाही. आणि तुमच्या एवढ्या मोठ्या कंपनीला एका मेलेल्याकडून त्याच्या बायकोकडे चौदा गाणी पाठवता येत नाहीत? चिठ्ठी लिहायला माणूस नसेल तर मी येते."

हुई मिननं कपाळाला हात लावला. पलीकडून आवाज आला, "आंटी, चौदा गाणी म्हणजे? विकत घेतलेली, की त्यांनी स्वतः गायलेली?"

"गायलेली. अर्धी."

"मग ते वेगळं," अझलिना म्हणाली, आणि तिच्या आवाजातला नियम वाचण्याचा सूर पार गेला. "आवाज त्यांचा स्वतःचा आहे. तो कंपनीचा नाही. मृत्यूचा दाखला आणि लग्नाचा दाखला पाठवा, तो आवाज मी काढून देते. पण संगीत दुसऱ्यांचं असतं आंटी, ते नाही देता येणार. नुसता आवाज येईल. चालेल?"

"चालेल?" खेंग म्हणाली. "अगं, पळेल!"

कागदपत्रं गेली. लग्नाचा दाखला शोधायला चार दिवस लागले, कारण तो सांभाळून ठेवायचं काम तेक सेंगकडे होतं. मुदतीच्या आदल्या दिवशी हुई मिनच्या फोनवर चौदा तुकडे येऊन पडले, आणि तिकडे आठशे बारा गाण्यांचं खातं बंद झालं.

रविवारी सकाळी तिघं दुकानात बसली. आजूबाजूला कुणाच्या तरी बंगल्याच्या भिंती वाळत होत्या. हुई मिननं पहिलं गाणं लावलं. खुर्ची करकरली, घसा खाकरला, आणि तेक सेंग गायला लागला.

अरे देवा! संगीत होतं तोवर बरंच झाकलं जात होतं म्हणायचं. नुसता, उघडाबोडका तेक सेंग म्हणजे उतारावर ब्रेक दाबलेली लॉरी. बून क्यात हसता हसता खोकायला लागला. खेंग त्याला "गप रे" म्हणत स्वतःच पदरात... पदर कसला, खळीच्या फडक्यात तोंड खुपसून हसत होती. पहिलं कडवं संपलं. आता बाईच्या ओळी. तिथे काही नसणार हे ठाऊक होतं, म्हणून हुई मिन पुढे सरकवणार, एवढ्यात आतून आवाज आला. कॉफीचा घोट घेतल्याचा. आणि मग तेक सेंगचा, अगदी हळू.

"हां, आता तू. सावकाश... आता वर जाईल... वा!"

हुई मिनचा हात तिथेच राहिला. संगीत असतं तर त्याखाली हे कधी ऐकू आलं नसतं. रिकाम्या जागेत तो बसून होता. ती गातेय असं धरून, मान डोलावत असणार, ऐकत होता. "वा, खेंग! श्वास घे. अजून एक ओळ आहे." मग स्वतःची ओळ आली की पुन्हा बेसूर सुरू.

चौदाही गाण्यांत हेच. एकात मांजराला हाकलत होता. एकात म्हणाला, "घाई नको, मी थांबतो." एका ठिकाणी तर टाळ्याच वाजवल्या, नुसत्या रिकाम्या हवेला. कुणी हसेना आता. बून क्यात नाक पुसत होता. खेंगच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तोंडभर हसू होतं. असला वेडा माणूस आपल्या वाट्याला आला, आणि आपण त्याला एक कडवं दिलं नाही, असं ती उघड म्हणाली, दोघांदेखत.

"मग आता दे," बून क्यात म्हणाला. त्यानं खळीचा रिकामा डबा उलटा करून मांडीवर घेतला आणि ठेका धरला.

नववं गाणं तिला येत होतं. फेरीबोटीचा तिकीट तपासनीस आणि बिनतिकिटाची बाई, असं काहीतरी होतं ते. दारापलीकडून ऐकून ऐकून तोंडपाठ झालेलं. हुई मिननं लावलं. तपासनीस भांडला, थांबला, आणि खेंगनं तोंड उघडलं. आवाज फुटेचना. फुटला तोवर उशीर झाला, आणि दोन ओळी होतात न होतात तोच तेक सेंग तिच्या अंगावर चढून गायला लागला.

"थांबतो म्हणाला होतास ना!" ती लेकीच्या फोनकडे बघून खेकसली. "पुन्हा लाव गं."

पुन्हा लावलं. ह्या वेळी ती वेळेवर आली. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तिकडे तिनं लक्षच दिलं नाही. डबा वाजत होता, आवाज मोकळा होत गेला, वरच्या पट्टीत जाताना जरा थरथरला आणि टिकला. आणि अगदी त्याच जागी, तिच्या आवाजाच्या खालून, तो बोलला, "वा, खेंग, छान!"

"गप," ती गाता गाताच म्हणाली. "मध्ये बोलू नकोस. ह्या माझ्या ओळी आहेत."